किरणोत्सर्गाचा धडा कोठून सुरू व्हावा?

१९०३ सालच्या मार्च महिन्यात पॅरिस येथे पिएर क्यूरी व त्यांचे सहकारी आल्बेर लाबोर्द यांनी एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. प्रयोग अगदी साधा होता. एका कुपीत रेडियम मिसळलेले बेरियम क्लोराइड भरले, दुसरीत नुसते बेरियम क्लोराइड. दोहोंचे तापमान मोजले तेव्हा पहिली कुपी दुसरीहून सुमारे दीड अंश अधिक उष्ण भरली. त्यात नवल ते कसले, असे कोणी म्हणेल. नवल हे की ती दुसऱ्या दिवशीही तेवढीच उष्ण होती, तिसऱ्या दिवशीही तेवढीच. खाली दिवा नव्हता, कुपीत काही जळत नव्हते, पदार्थाचे वजन तराजूला कळण्याइतके घटत नव्हते, आणि तरी उष्णतेचा ओघ चालूच होता. उष्णतामापीच्या साहाय्याने हिशेब केला तो असा निघाला की, एक ग्रॅम रेडियम दर तासाला सुमारे १०० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. एक ग्रॅम बर्फ वितळावयास ८० कॅलरी पुरतात; म्हणजे रेडियम दर तासाला आपल्या वजनाहून अधिक बर्फाचे पाणी करते, आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच करावयास सिद्ध असते.

ही उष्णता येते कोठून? चुलीत लाकूड घातल्याशिवाय पाणी तापत नाही हे ज्याला ठाऊक आहे अशा कोणत्याही मुलाला हा प्रश्न पडावा. किरणोत्सर्गाचा शालेय धडा याच प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे, आणि पुढेही त्याच प्रश्नाचे बोट धरून चालला पाहिजे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

आज तसे होत नाही. पाठ्यपुस्तके राज्याराज्यांत निराळी असली तरी या धड्याचा क्रम बहुधा एकच असतो. आरंभी हेन्री बेकरेल यांची ती प्रसिद्ध गोष्ट येते: १८९६ सालच्या फेब्रुवारीअखेर आकाश ढगाळ राहिले म्हणून युरेनियमचा क्षार व छायाचित्रणाची काच त्यांनी खणात ठेवून दिली, आणि १ मार्च रोजी काच धुतली तेव्हा सूर्यप्रकाशावाचूनच तिच्यावर ठसा उमटलेला आढळला. गोष्ट खरी आहे व सुरस आहे. तिच्यामागून एक कोष्टक येते. आल्फा किरण कागदाने अडतात, बीटा किरण ॲल्युमिनियमच्या पत्र्याने, गॅमा किरणांना शिशाची जाड भिंत लागते. कोणाचा भार धन, कोणाचा ऋण, कोणाचा शून्य. त्यापुढे अर्धायुष्याची दोन उदाहरणे सोडवली की धडा संपतो. विद्यार्थी तीन ग्रीक अक्षरे पाठ करतो, गुण मिळवतो, आणि त्याच्या मनात अशी समजूत राहून जाते की किरणोत्सर्ग म्हणजे काही विचित्र पदार्थांना जडलेली एक विचित्र खोड होय. ज्या भौतिकशास्त्रात तो वर्षभर कार्य, उष्णता व ऊर्जेची अक्षय्यता शिकला, त्या शास्त्राचा आणि या धड्याचा संबंध त्याला दिसत नाही. जणू शेवटचे प्रकरण दुसऱ्याच पुस्तकातून येथे चिकटवले आहे.

यात परिभाषेचाही थोडा दोष आहे. ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द सुबक आहे, परंतु तो किरणांकडे बोट दाखवतो, ऊर्जेकडे नाही. मादाम क्यूरी यांनी १८९८ साली जो मूळ शब्द रूढ केला त्यातही किरणच आहेत, तेव्हा मराठी परिभाषाकारांना दोष देण्याचे कारण नाही. त्याहून मोठी अडचण महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांची होते. मराठीत मूलद्रव्याचा अंत्य कण तो अणू आणि अणूंच्या संयोगाने होणारा तो रेणू. हिंदीत मात्र पहिला परमाणु आणि दुसरा अणु. इंदूरच्या किंवा भोपाळच्या मराठी घरातील मुलगा शाळेत हिंदी पुस्तक वाचतो व ग्रंथालयात मराठी, आणि ‘अणू फुटतो’ या एकाच वाक्याचे त्याच्यापुढे दोन अर्थ उभे राहतात. रेणू फुटणे ही रसायनशास्त्रातील रोजची घटना आहे. साखर जळते तेव्हाही तेच होते. अणू फुटणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे, आणि रेडियमच्या उष्णतेचे सगळे रहस्य या दोन शब्दांमधील अंतरात साठवलेले आहे.

त्या अंतराचे माप घेणे कठीण नाही. कोळसा जळतो तेव्हा कार्बनचा एक अणू प्राणवायूशी संयोग पावतो व त्यातून सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोकळी होते. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे अणूंच्या बाजारातले सर्वांत लहान नाणे समजावे. रेडियमचा एक अणू आल्फा कण फेकून रेडॉनचा अणू बनतो तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ४८ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. कोठे चार आणि कोठे अठ्ठेचाळीस लाख! अर्नेस्ट रदरफर्ड व फ्रेडरिक सॉडी यांनी कॅनडातील मॉन्ट्रिऑल येथे १९०२-०३ साली किरणोत्सर्गात एक मूलद्रव्य दुसऱ्या मूलद्रव्यात पालटते असा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यांच्यापाशी आजचे नेमके आकडे नव्हते. तरीदेखील कोणत्याही रासायनिक क्रियेहून ही ऊर्जा हजारो पटींनी, कदाचित लक्षावधी पटींनी अधिक असली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. तत्पूर्वी क्यूरी दांपत्याने दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या होत्या: ऊर्जा अणूच्या आतून येत असेल, किंवा अवकाशातून येणारे काही अज्ञात किरण रेडियम शोषून घेत असेल. दुसरी शक्यता आज वाचताना चमत्कारिक वाटते. परंतु ज्यांना ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडावयाचा नव्हता त्यांनी सगळी दारे ठोठावून पाहिली, हेच त्यातून दिसते. विद्यार्थ्यांपुढे हा शोध असाच यावयास हवा.

आता या ४८ लाखांचे पुढे होते काय? येथे शिक्षकाने घाई करू नये. आल्फा कण म्हणजे हेलियमच्या अणूचे केंद्र; रदरफर्ड व रॉइड्स यांनी मँचेस्टर येथे पातळ काचेच्या नळीतून ते पलीकडे जाऊ दिले व तेथे हेलियम वायू साचलेला दाखवला, तेव्हा याविषयी शंका उरली नाही. हा कण सेकंदाला सुमारे १५,००० किलोमीटर वेगाने निघतो. इतका वेगवान प्रवासी दूरवर जाईल असे वाटते; पण हवेत तो तीन-साडेतीन सेंटिमीटरांतच थांबतो. कारण वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक अणूच्या इलेक्ट्रॉनांना तो हिसका देतो, कित्येकांना अणूपासून तोडून टाकतो, आणि प्रत्येक वेळी आपल्या गतीतील थोडी ऊर्जा गमावतो. एक इलेक्ट्रॉन तोडण्यात सरासरीने सुमारे ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्च होतात, म्हणजे त्या बोटभर अंतरात लाखाहून अधिक अणू तो भारित करून सोडतो. तुटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा कोठे तरी बसतात, धक्का बसलेले अणू शेजाऱ्यांना धक्का देतात, आणि शेवटी सगळी ऊर्जा असंख्य अणूंच्या अव्यवस्थित थरथरीत विखुरते. त्या थरथरीलाच आपण उष्णता म्हणतो. पॅरिसच्या कुपीतील दीड अंश हा अशा असंख्य थांबलेल्या कणांचा साचलेला खर्च होता. थांबलेला आल्फा कण वाटेत दोन इलेक्ट्रॉन उचलतो व फुग्यात भरतात त्या निरुपद्रवी हेलियमचा एक अणू होऊन बसतो.

हे वर्णन एकदा नीट झाले की कोष्टक पाठ करण्याची गरज राहत नाही. आल्फा कण कागदाने का अडतो? तो दुबळा आहे म्हणून नव्हे, तर उधळ्या आहे म्हणून. थोड्या अंतरात सारी शिल्लक उडवतो. गॅमा किरण दूर जातो तो बलवान असतो म्हणून नव्हे. त्याची वाटेतील अणूंशी गाठ क्वचित पडते, एवढेच. हाच भेद पुढे जीवशास्त्रातही कामास येतो. आल्फा कण सोडणारी धूळ कातडीवर पडली तर वरच्या निर्जीव थरातच तिचा जोर संपतो. तीच श्वासावाटे फुप्फुसात गेली तर फार घातक होते.

मग रेडियमवर गिरण्या का चालत नाहीत? वर्गातील एखादा चौकस मुलगा हे विचारणारच. एक ग्रॅम रेडियम व त्याची सारी संतती शिशात रूपांतरित होईपर्यंत जी एकूण उष्णता देईल ती अदमासे अर्धा टन दगडी कोळशाइतकी असते. पण ती उष्णता हजारो वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळते. रेडियमचे अर्धायुष्य १,६०० वर्षे आहे, आणि तापवून, थंड करून, दाबून किंवा आम्लात बुडवून ते क्षणानेही कमी करता येत नाही. एकूण धन किती आणि दररोज हाती किती येते, यातला हा फरक आहे. वतनदाराच्या नातवाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९३८ च्या अखेरीस बर्लिन येथे हान व श्ट्रासमान यांच्या प्रयोगातून, आणि मागोमाग लिझा माइटनर व फ्रिश यांच्या स्पष्टीकरणातून युरेनियमच्या केंद्राचे जे भंजन कळून आले, त्यात न्यूट्रॉनाच्या साहाय्याने एका भंजनातून दुसरे घडवता येते, म्हणून तेथे वेग माणसाच्या हाती आला. अणुबाँब व अणुभट्टी ही त्या वेगळ्या क्रियेची अपत्ये होत. किरणोत्सर्ग म्हटला की १९४५ सालचा स्फोट डोळ्यांपुढे येतो, आणि दोन गोष्टींची गल्लत तेथूनच सुरू होते.

अर्धायुष्य या शब्दाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यातील ‘आयुष्य’ मुलांना चकवते. १,६०० वर्षांत निम्मे संपले तर आणखी १,६०० वर्षांत उरलेलेही संपेल, असा त्रैराशिकाचा हिशेब ती मांडतात. वस्तुतः अणूला वयच नसते. रेडियमचा जो अणू काल निर्माण झाला आणि जो हजार वर्षे टिकून आहे, त्या दोघांचा आज फुटण्याचा संभव अगदी सारखा असतो. शंभर नाणी उधळून छाप पडलेली बाजूला काढावीत, उरलेली पुन्हा उधळावीत. पाच-सहा फेऱ्यांत ही गोष्ट जेवढी पटते तेवढी फळ्यावरच्या घातांकांनी पटत नाही.

उष्णतेच्या या प्रश्नाला कुपीबाहेर आणले की तो एकदम पृथ्वीएवढा होतो. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्व्हिन यांनी पृथ्वी तप्त गोळ्यापासून आजच्या स्थितीपर्यंत निवत येण्यास किती काळ लागला असेल याचे गणित केले होते. १८९७ साली त्यांनी दिलेले उत्तर २ ते ४ कोटी वर्षे असे होते. भूशास्त्रज्ञांना व डार्विनच्या अनुयायांना एवढा काळ मुळीच पुरत नव्हता. पण केल्व्हिनसारख्याच्या गणिताला आव्हान कोण देणार? १९०४ साली रदरफर्ड लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये याच विषयावर व्याख्यान देण्यास उभे राहिले, तो समोर ऐंशीच्या उंबरठ्यावरील केल्व्हिन बसलेले. रदरफर्ड यांनीच पुढे सांगितले आहे की वृद्ध महाशय आरंभी झोपी गेले होते, पण नेमका पृथ्वीच्या वयाचा भाग येताच उठून बसले व रोखून पाहू लागले. तेव्हा रदरफर्ड यांनी प्रसंगावधान राखले: उष्णतेचा नवा उगम सापडला नाही तरच आपले गणित खरे, अशी अट लॉर्ड केल्व्हिन यांनी स्वतःच घातली होती, आणि आज रात्री आपण त्याच नव्या उगमाचा विचार करीत आहोत! वृद्धांच्या मुद्रेवर हसू उमटले.

ही आख्यायिका अनेक पुस्तकांत आहे, आणि तिचा शेवट बहुधा ‘किरणोत्सर्गाने केल्व्हिन यांचे गणित खोटे पाडले’ असा केलेला असतो. तो पुरता खरा नाही. केल्व्हिन यांचेच एकेकाळचे साहाय्यक जॉन पेरी यांनी १८९५ मध्येच दाखवून दिले होते की, पृथ्वीच्या पोटात उष्णता नुसत्या वहनापेक्षा अधिक सुलभपणे हालत असेल तर तेच गणित कितीतरी मोठे वय देते. खडकांचा अंतर्भाग अतिमंद गतीने वाहतो हे आता ठाऊक आहे, आणि केल्व्हिन यांची चूक मुख्यतः तेथे होती. किरणोत्सर्गाचे खरे ऋण दुसरे आहे. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे. त्याच्या ऱ्हासातून झालेले शिसे मोजून खडकांचे वय थेट वाचता येऊ लागले, आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे हे त्यातून ठरले. खडकातील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम-४० अद्यापही उष्णता देत आहेत. ती नेमकी किती, हे मात्र शंभर वर्षे कोणाला मोजता आले नव्हते. त्याचा उलगडा एका अगदी निराळ्या वाटेने झाला, आणि त्या वाटेचा आरंभ हिशेबातील तुटीपासून होतो.

आल्फा कणांचा जमाखर्च नीट जुळत होता. बीटा किरणांचा जुळेना. एकाच जातीच्या अणूंतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन एकाच ऊर्जेने निघावयास हवे होते. जेम्स चॅडविक यांना १९१४ साली बर्लिनमध्ये आढळले की ते लहानमोठ्या सर्व ऊर्जांनी निघतात. कदाचित सर्व जण सारख्याच ऊर्जेने निघत असतील व वाटेत काही गमावत असतील, असा एक बचाव शक्य होता. केंब्रिज येथे एलिस व वूस्टर यांनी १९२७ साली तो तपासला, आणि तपासला तो पुन्हा उष्णतामापीनेच. बिस्मथचा एक किरणोत्सर्गी प्रकार त्यांनी जाड आवरणात असा बंद केला की एकही इलेक्ट्रॉन बाहेर निसटू नये. वाटेत गमावलेली ऊर्जा असती तर ती आवरणातच उष्णता होऊन सापडली असती. प्रत्येक अणूमागे सुमारे साडेदहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांची अपेक्षा होती. हाती आली त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. माइटनर व ओर्थमान यांनी बर्लिनमध्ये प्रयोग पुन्हा केला, उत्तर तेच.

दोन तृतीयांश ऊर्जा नाहीशी! नील्स बोर यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञही तेव्हा म्हणू लागला की अणुकेंद्राच्या आत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कदाचित लागूच पडत नसेल. वोल्फगांग पाउली यांना ते मान्य नव्हते. ४ डिसेंबर १९३० रोजी त्यांनी झ्यूरिखहून ट्यूबिंगेन येथे जमलेल्या सहकाऱ्यांना पत्र लिहिले: इलेक्ट्रॉनाबरोबर विद्युत्‌भार नसलेला, जवळजवळ वजन नसलेला आणखी एक कण बाहेर पडत असावा, आणि तुटीची रक्कम तोच घेऊन जात असावा. (झ्यूरिखला नृत्यसमारंभ असल्यामुळे आपल्याला येता येत नाही, असेही त्याच पत्रात आहे.) हिशेब जुळावा म्हणून मानलेला हा कण पुढे फेर्मी यांच्यामुळे न्यूट्रिनो या नावाने रूढ झाला आणि तब्बल २६ वर्षांनी, १९५६ साली, रेनेस व कोवान यांना अमेरिकेतील एका अणुभट्टीजवळ प्रत्यक्ष सापडला. १९६५ साली कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर विश्वकिरणांमुळे वातावरणात उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. त्या प्रकारच्या जगातील पहिल्या नोंदींत त्यांची गणना होते. ती खाण २००१ साली बंद झाली. भारतीय पाठ्यपुस्तकांत तिचे नाव सोन्यासाठी येते, या कामासाठी क्वचितच.

आणि आता पृथ्वीच्या उष्णतेचा प्रश्न सुटतो. भूगर्भातील युरेनियम व थोरियम यांच्या ऱ्हासातही न्यूट्रिनोचे प्रतिकण निघतात, आणि ते हजारो किलोमीटर खडक ओलांडून सहज वर येतात. जपानमधील कामिओका खाणीतील उपकरणाने २००५ साली ते प्रथम ओळखले. २०११ साली त्यांच्याच मोजणीवरून असा अंदाज निघाला की, पृथ्वीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी जवळजवळ निम्मी किरणोत्सर्गातून येते आणि उरलेली पृथ्वीच्या जन्मकाळापासून शिल्लक आहे. कुपीतील दीड अंशापासून पृथ्वीच्या पोटापर्यंत ही सगळी वाटचाल एकाच आग्रहाने झाली: जमा व खर्च जुळलाच पाहिजे. जो धडा हा आग्रह शिकवू शकतो त्याने कोष्टकावर समाधान मानावे, ही हानी लहान नव्हे.

यावर शिक्षकांचे आक्षेप ठरलेले आहेत आणि ते पोकळ नाहीत. तासिका थोड्या असतात. परीक्षेत कोष्टकच विचारले जाते. शाळेत किरणमापक यंत्र नसते. पहिले दोन आक्षेप शिक्षकांकडे नव्हे, परीक्षा घेणाऱ्या मंडळांकडे नेले पाहिजेत. बीटा किरणांच्या तुटीवर एक प्रश्न विचारला गेला तर दुसऱ्या वर्षी ती सर्वत्र शिकवली जाईल. तिसऱ्याला उत्तर आहे. खेड्यापाड्यांतील लग्नांत व तमाशाच्या फडात उजेड पाडणारी गॅसबत्ती अनेकांच्या अडगळीत अजून असेल. तिची पांढरी जाळी प्रामुख्याने थोरियम ऑक्साइडची असे; केरळच्या चवरा व तामिळनाडूच्या मणवाळकुरिची येथील मोनाझाइट वाळूत हेच थोरियम आहे. थोरियम किरणोत्सर्गी असल्याचे १८९८ साली श्मिट व मादाम क्यूरी यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले, तोवर या जाळ्या युरोपातील रस्त्यांवर उजळूही लागल्या होत्या. मग बत्तीचा उजेड किरणोत्सर्गाचा काय? मुळीच नाही, तो ज्योतीने तापलेल्या ऑक्साइडचा असतो, आणि जाळीतील थोरियमची स्वतःची उष्णता हाताला कळणेही शक्य नाही. हा एक प्रश्न वर्गात अर्धा तास खेळवता येतो. जाळी मात्र काचेच्या बंद बरणीतच दाखवावी, कारण तिची राख श्वासात जाऊ देणे बरे नव्हे. का, ते आल्फा कणाच्या प्रवासात येऊन गेलेच आहे.

एवढा आग्रह कशासाठी, असे विचारले जाईल. उत्तर बाजारात आहे. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे २००२ साली सुरू झालेल्या केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्याच्यावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडण्याची सोय झाली, आणि २००७ पासून अमेरिकेस जाणारे आंबेही तेथे किरणांखालून गेले. असा कांदा किरणोत्सर्गी होतो काय, ही शंका सुशिक्षितही विचारतात. कोबाल्टच्या गॅमा किरणांत जास्तीत जास्त १३ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या आसपास ऊर्जा असते. कांद्यातील अणुकेंद्रांतून न्यूट्रॉन उखडून काढण्यास ती पुरत नाही. इलेक्ट्रॉन तुटतात, कोंबातील पेशींची वाढ थांबते, आणि किरण तेथेच संपतात. दिव्याखाली ठेवलेला कागद उजळतो, दिवा होत नाही.

परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू भयंकर आहे व तीही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. एक किलोग्रॅम पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की त्या मात्रेस एक ग्रे म्हणतात. कांद्यास यांपैकी साठ ते नव्वद ग्रे मिळतात, आणि त्याचे तापमान अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकेच वाढते. माणसाच्या सर्व शरीरास एकदम ४ ग्रे मिळाले व उपचार झाले नाहीत, तर अशा माणसांपैकी सुमारे निम्मी दगावतात. साठ किलो वजनाच्या देहात ते २४० ज्यूल होतात: चमचाभर गरम चहातून पोटात जाणाऱ्या उष्णतेहूनही कमी! शरीराचे तापमान अंशाचा हजारावा भागच वाढते. ज्या उष्णतामापीने रेडियमचे रहस्य सांगितले, ती येथे मुकी आहे. चहाची ऊर्जा सर्व रेणूंत सारखी वाटली जाते आणि कोणाचेच काही बिघडत नाही. किरणांची ऊर्जा थोड्या जागी, मोठ्या गठ्ठ्यांनी पडते आणि पेशीकेंद्रातील जनुकांचे धागेच तोडते. ऊर्जा किती, एवढेच विचारून भागत नाही. ती कोठे व कशी उतरली हेही विचारावे लागते. शालेय धड्यात हे वाक्य कोठेच नाही.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगारबाजारात एक जुने, वापरातून गेलेले उपकरण लिलावातून आले. ते फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. धातूचे तुकडे हातोहात फिरले, कारण त्यांना वास नव्हता, रंगात वेगळेपण नव्हते, स्पर्शाला चटका नव्हता. अनेक जण आजारी पडले व एक कामगार मरण पावला. त्यांच्यापैकी कोणी शाळेत आल्फा, बीटा, गॅमा ही नावे पाठ केली असतील किंवा नसतील. केली असती तरी त्या दिवशी ती उपयोगी पडली नसती.

तीन पाकळ्यांचे जुने धोकाचिन्ह, ज्याला त्याचा अर्थ ठाऊक नाही त्याला पंख्यासारखे दिसते. म्हणून २००७ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने एक जादा चिन्ह ठरवले: लाल त्रिकोण, वर त्या पाकळ्या व त्यांतून निघणाऱ्या लहरी, खाली कवटी आणि दूर पळणारा माणूस. उपकरणाचे बाहेरचे आवरण काढू लागणाऱ्याच्या नजरेस ते पडावे, अशा जागी ते लावावयाचे असते. हे चित्र, आणि ते दिसताच हात न लावता दूर होऊन पोलिसांना कळवावे ही सूचना, किरणोत्सर्गाच्या धड्याच्या पहिल्याच पानावर छापता येईल. त्याच्या शेजारी पॅरिसच्या त्या दोन कुप्यांचे चित्र असावे. तीन किरणांचे कोष्टक परिशिष्टात गेले तरी चालेल.